गुंठ्याचे अवयव पडतात का?

मुंबई-गोवा महामार्गालगत, कोलाडच्या आसपास, जमिनीचे बोलणे गुंठ्यात चालते. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. आकडा आडनिडा वाटतो, पण त्यामागे मोजणीची ३३ फुटी साखळी आहे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद असा चौरस म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे झाले की एकर. आता समजा, घर बांधायला बरोबर एक गुंठ्याचा आयताकृती तुकडा हवा आहे आणि त्याची लांबी रुंदीपेक्षा १० फुटांनी जास्त हवी आहे. रुंदी किती धरायची?

दहावीच्या मुलाला प्रश्न मांडायला अवघड नाही. रुंदी क्ष, लांबी क्ष + १०, गुणाकार १०८९. म्हणजे क्ष² + १०क्ष − १०८९ = ०. इथपर्यंत हात अडत नाही. पुढची पायरी सवयीची: अवयव पाडायचे. गुणाकार १०८९ आणि फरक १० अशी जोडी शोधायची. ३३ आणि ३३, फरक ०. ११ आणि ९९, फरक ८८. ९ आणि १२१, फरक ११२. ३ आणि ३६३. १ आणि १०८९. जोड्या संपल्या. मुलगा पुन्हा पहिल्या जोडीकडे येतो, मग गुणाकार तपासतो, मग वजाचे चिन्ह, मग प्रश्न नव्याने वाचतो. शेवटी खोडरबर हातात घेतो. अवयव पडले नाहीत म्हणजे चूक आपलीच, हे कुणी तोंडाने न सांगताही वर्षानुवर्षांच्या उदाहरणसंग्रहांनी त्याच्या मनात पक्के केलेले असते.

त्याची चूक काहीच नाही. या राशीचे पूर्णांकांत अवयव पडतच नाहीत. रुंदी सुमारे २८.३८ फूट, लांबी सुमारे ३८.३८ फूट. जमीन आहे, तुकडा आखता येतो, दोरी लावता येते. फक्त ती रुंदी सुटसुटीत संख्या नाही.

आणि ही गोष्ट १० फुटांपुरती नाही. लांबी रुंदीपेक्षा ५ फुटांनी जास्त धरा, १५ ने धरा, ४० ने धरा. १०८९ म्हणजे ३ × ३ × ११ × ११. त्याच्या जोड्या वर दिल्या तेवढ्या पाचच. म्हणून फरक १ फुटापासून ८७ फुटांपर्यंत कोणताही पूर्ण आकडा घेतला तरी अवयव पडणार नाहीत. पहिल्यांदा पडतात ते ८८ फुटांना, आणि तेव्हा तुकडा होतो ११ फूट रुंद आणि ९९ फूट लांब. अशा बोळात घर कोण बांधणार? घर बांधण्याजोगा, चौरस नसलेला, पूर्ण फुटांचा एक गुंठा कोलाडलाच काय, कुठेच आखता येत नाही.

‘वर्ग त्रिपदीचे अवयव पाडा’ हा प्रश्न महाराष्ट्रातील मुलांना आठवीत भेटतो आणि दहावीच्या वर्गसमीकरणांपर्यंत सोबत राहतो. त्याआधीचा प्रश्न, ‘अवयव पडतात का?’, त्यांना क्वचितच कुणी विचारते. हा क्रम उलटा आहे. आधीचा प्रश्न आधी विचारायला हवा, अवयव शिकवले जातात त्याच वर्षी विचारायला हवा, आणि ‘पडत नाहीत’ हे कारणासह दिलेले उत्तर पूर्ण उत्तर मानायला हवे.

पडणाऱ्या त्रिपदी मुळात किती असतात, हे मोजून पाहावे. क्ष² + बक्ष + क या साच्यात ब आणि क यांच्या जागी १ ते १० या संख्या घातल्या तर १०० त्रिपदी तयार होतात. त्यांतल्या किती पडतात? ज्यांची बेरीज १० च्या आत आणि गुणाकारही १० च्या आत अशा संख्यांच्या जोड्या मोजायच्या. १ सोबत १ ते ९, अशा ९ जोड्या. २ सोबत २, ३, ४, ५, अशा ४. ३ सोबत फक्त ३. एकूण १४. उरलेल्या ८६ पडत नाहीत. शेवटचे पद वजा करून पाहिले तर शंभरात १२ पडतात. आणि संख्या १०० पर्यंत वाढवल्या तर क्ष² + बक्ष + क या साच्याच्या १०,००० त्रिपदींपैकी पडणाऱ्या भरतात २४५. शेकडा अडीचसुद्धा नाहीत. संख्या जितक्या मोठ्या घ्याव्यात तितके हे प्रमाण आणखी घसरत जाते.

सरावाच्या पानावर मात्र ही गणती उलटी होते. तिथली दहाच्या दहा उदाहरणे पडतात, कारण ती पाडण्यासाठीच घडवलेली असतात: आधी दोन कंस ठरवायचे, त्यांचा गुणाकार करायचा आणि तो गुणाकार प्रश्न म्हणून छापायचा. सरावासाठी हे ठीकच आहे. पण तीन-चार वर्षे फक्त असेच पान समोर आले, तर पडणे हा नियम आणि न पडणे हा अपघात, अशी समजूत होते. खरे चित्र बरोबर याच्या उलट आहे.

कुंडलिकेचे उदाहरण घ्यावे. मुळशीला सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेले पाणी १९२७ पासून भिरा येथील वीजकेंद्रात उतरते, वीज करून कुंडलिकेत येते, आणि या सोडलेल्या पाण्यावर कोलाडचे राफ्टिंग चालते. साधारण १२ किलोमीटरची ती खेप असते. राफ्ट प्रवाहासोबत खाली जातो आणि गाडीने परत येतो. प्रवाहाविरुद्ध वर कुणी वल्हवत नाही. पाठ्यपुस्तकातली होडी मात्र जाऊन परत येते, तेव्हा तिलाच या पाण्यात घालू. प्रवाहाचा वेग ताशी ३ किलोमीटर, अंतर १२ किलोमीटर, जाऊन-येऊन लागलेला वेळ ३ तास. स्थिर पाण्यात होडीचा वेग किती? मांडणी केली की समीकरण येते क्ष² − ८क्ष − ९ = ०. अवयव (क्ष − ९)(क्ष + १). वेग ताशी ९ किलोमीटर. फळ्यावर खडूच्या चार ओळी आणि काम संपले.

आता बाकी काही न बदलता वेळ अडीच तास करू. होडी जरा चांगली आहे, एवढाच फरक. समीकरण होते ५क्ष² − ४८क्ष − ४५ = ०. ह्याचे अवयव कुणीही कितीही वेळ बसून पाडू शकणार नाही. वेग येतो ताशी सुमारे १०.४६ किलोमीटर. वेळ दोन तास धरला तर क्ष² − १२क्ष − ९ = ०; तेही पडत नाही. तीन तास हा आकडा नदीने दिलेला नव्हता, तो उदाहरण रचणाऱ्याने शोधलेला होता. खरी नदी, खरा गुंठा, खरे घड्याळ अशी सोय पाहत नाही.

उदाहरणे निवडून घेण्याची ही सवय आजची नाही, हे मान्य करायला हवे. इसवी सनापूर्वी सुमारे १८०० च्या काळातील बाबिलोनियातील मातीच्या पाट्यांवर वर्गसमीकरणे आहेत. त्यांतल्या एका प्रसिद्ध पाटीवरचे पहिलेच उदाहरण असे: चौरसाचे क्षेत्रफळ आणि बाजू मिळवली तर पाऊण येते, बाजू किती? उत्तर अर्धा. पाऊणच्या जागी एक असता तर उत्तर असे सुखाने आले नसते. शिक्षकाने आकडा पारखून घेतला होता.

भास्कराचार्यांनीही तेच केले. त्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात माकडांच्या कळपाचे उदाहरण आहे: कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग वनात बागडतो आहे आणि १२ माकडे टेकडीवर आहेत, तर कळप केवढा? आजच्या लिहिण्यात ते क्ष² − ६४क्ष + ७६८ = ० होते. उत्तरे १६ आणि ४८, दोन्ही चालतात. त्याच प्रकरणात दुसरा कळप आहे. त्याच्या पाचव्या भागातून ३ वजा करून आलेल्या संख्येचा वर्ग गुहेत गेला, एक माकड फांदीवर दिसते आहे. समीकरण क्ष² − ५५क्ष + २५० = ०, उत्तरे ५० आणि ५. इथे भास्कराचार्य ५ नाकारतात, कारण ५ चा पाचवा भाग १ आणि त्यातून ३ वजा केले तर ऋण संख्या येते. उणे माकडांवर लोकांचा विश्वास बसत नाही, असा त्यांचा आशय आहे. ‘लीलावती’तील भुंग्यांचा थवा ७२ चा निघतो, तोही असाच बेतून आणलेला.

पण भास्कराचार्यांकडे एक गोष्ट होती, जी आजच्या आठवीच्या वर्गात नाही. त्यांनी अंदाजाने जोडी शोधायला सांगितलेच नाही. वर्गसमीकरणांच्या प्रकरणाचे नावच ‘मध्यमाहरण’ आहे, म्हणजे मधले पद काढून टाकणे. आपण मधले पद फोडतो, ते मधले पद नाहीसे करत. त्याचा नियम त्यांनी आपल्या आधी होऊन गेलेल्या श्रीधराचार्यांच्या नावाने दिला आहे. श्रीधरांचा बीजगणिताचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. नियम टिकला तो भास्कराचार्यांनी उद्धृत केला म्हणून. नियमाचा आशय असा: दोन्ही बाजूंना वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणावे आणि मग मधल्या पदाच्या मूळ सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवावा. एवढे केले की डावी बाजू पूर्ण वर्ग होते. अपूर्णांक कुठेही येत नाहीत.

हाच नियम समीकरणाऐवजी नुसत्या राशीवर चालवला, की ‘अवयव पडतात का?’ या प्रश्नाचे उत्तर हातात येते. अक्ष² + बक्ष + क ही राशी ४अ ने गुणली की ती

(२अक्ष + ब)² − (ब² − ४अक)

अशी लिहिता येते. कंस सोडवून कुणीही पडताळून पाहावे. पहिला भाग कायम वर्ग आहे. दुसरा भाग, ब² − ४अक, नुसती संख्या आहे; तिला दहावीत विवेचक म्हणतात. ती संख्याही पूर्ण वर्ग असेल, तर समोर दोन वर्गांची वजाबाकी उभी राहते, आणि दोन वर्गांच्या वजाबाकीचे अवयव आठवीतल्या मुलाला पाठ असतात. उलट बाजूही तितकीच सरळ आहे. राशीचे अवयव (पक्ष + त)(रक्ष + स) असे पडले आहेत असे धरले, तर अ म्हणजे पर, ब म्हणजे पस + तर, आणि क म्हणजे तस. मग ब² − ४अक बरोबर (पस − तर)². म्हणजे अवयव पडत असतील तर विवेचक पूर्ण वर्ग असलाच पाहिजे. सहगुणक पूर्णांक असताना कसोटी अशी एकच: विवेचक पूर्ण वर्ग असेल तर अवयव पडतात, नसेल तर पडत नाहीत. मधे तिसरी शक्यता नाही.

सिद्धता एवढीच आहे. आठवीच्या वर्गात एका तासात मावते.

या कसोटीचा आणखी एक गुण सहसा सांगितला जात नाही. ती नुसता निकाल देत नाही, मधले पद कसे फोडायचे तेही सांगते. ६क्ष² + ७क्ष − २० घ्या. प्रचलित रीतीने गुणाकार उणे १२० आणि बेरीज ७ येईल अशी जोडी चाचपडत शोधावी लागते. १२० च्या जोड्या काही थोड्या नाहीत. विवेचक काढला तर ४९ + ४८० = ५२९, म्हणजे २३ चा वर्ग. आता ७ मध्ये २३ मिळवून निम्मे करा: १५. ७ मधून २३ वजा करून निम्मे करा: उणे ८. हीच ती जोडी. राशी होते ६क्ष² + १५क्ष − ८क्ष − २०, आणि अवयव (३क्ष − ४)(२क्ष + ५). शेवटी २० च्या जागी १९ असते तर विवेचक आला असता ५०५. २२ चा वर्ग ४८४, २३ चा ५२९; ५०५ मधेच अडकते. शोध तिथेच थांबवायचा, आणि मन निश्चिंत ठेवून थांबवायचा.

यावर अनुभवी शिक्षकांचा एक आक्षेप असतो आणि तो हलका नाही. सूत्र लवकर दिले तर मुले संख्यांशी खेळणे सोडतील, असे ते म्हणतात. १२० च्या जोड्या पाडताना पाढे पक्के होतात, संख्या ओळखीच्या होतात. हे खरे आहे. पण खेळाला सीमा असेल तरच तो खेळ राहतो. जोडी नाहीच, हे ठरवायची सोय नसलेल्या मुलाला शोध केव्हा सोडायचा ते कळत नाही. हुशार मूल बराच वेळ अडकून पडते आणि घाबरणारे मूल दोन जोड्यांतच ‘मला गणित येत नाही’ असे ठरवते. कसोटी हातात असली तर तेच मूल आधी ‘पडते’ याची खात्री करून घेईल आणि मग जोडी शोधेल. जे आहे ते शोधण्यातला आनंद कसोटीने कमी होत नाही.

शिवाय सूत्राच्याही आधी, नुसत्या नजरेने निकाल देणाऱ्या खुणा आहेत, आणि त्या संख्यांच्या खेळातल्याच आहेत. पूर्ण वर्गाच्या एकक स्थानी २, ३, ७ किंवा ८ कधीच येत नाही. विवेचकाच्या शेवटी यांतला अंक दिसला की वर्गमूळ काढायचीही गरज नाही. दुसरी खूण याहून देखणी आहे: तिन्ही सहगुणक विषम असतील तर अवयव कधीच पडत नाहीत. ३क्ष² + ११क्ष + ७ पडत नाही, क्ष² + १७क्ष + २५ पडत नाही, आकडे कितीही मोठे असले तरी पडत नाही. कारण समजायला सातवीचे गणित पुरते. दोन कंसांच्या गुणाकारात पहिले आणि शेवटचे सहगुणक विषम हवे असतील, तर कंसांतल्या चारही संख्या विषम असल्या पाहिजेत. मग मधला सहगुणक म्हणजे दोन विषम गुणाकारांची बेरीज, आणि विषम अधिक विषम नेहमी सम. मधला विषम येणे शक्यच नाही. ‘असे कधीच होणार नाही’ हे विधान मूल स्वतः सिद्ध करू शकते, तेही तीन वाक्यांत, अशी जागा शालेय गणितात फार थोडी आहे. ती मोकळी सोडून देणे हे मुलांचे नुकसान आहे.

दहावीत विवेचक येतो, हे खरे. त्या संज्ञेचा मूळ इंग्रजी शब्द १८५१ मध्ये जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर या इंग्रज गणितज्ञाने रूढ केला. ब्राझीलच्या शाळांत तर वर्गसमीकरणाच्या सूत्रालाच भास्कराचे सूत्र म्हणतात. पण आपल्याकडे विवेचक येतो तेव्हा सहसा त्याच्या तीन शक्यता शिकवल्या जातात: शून्याहून मोठा, शून्य, शून्याहून लहान. मुळे वास्तव आहेत की नाहीत आणि समान आहेत की नाहीत, एवढे त्यातून कळते. तो पूर्ण वर्ग आहे का, या चौथ्या प्रश्नावर मात्र वेळ घालवला जात नाही. गुंठ्याच्या उदाहरणात विवेचक ४४५६ आहे. तो शून्याहून मोठा आहे, म्हणून मुळे वास्तव आणि असमान. उत्तर बरोबर आहे, गुणही मिळतील. पण दोन वर्षे ज्या कौशल्याचा सराव करून घेतला, ते इथे चालणार की नाही, याचा त्या उत्तरात पत्ता नाही. आठवीचे अवयव आणि दहावीचा विवेचक ही एकाच गोष्टीची दोन टोके आहेत, हे बहुसंख्य मुलांना शाळा संपेपर्यंत कळत नाही.

‘पडत नाहीत’ या उत्तराबाबत एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. कोणत्या संख्यांत पडत नाहीत, ते सांगायला हवे. क्ष² − २ ही राशी पूर्णांकांत पडत नाही, परिमेय संख्यांतही पडत नाही. पण २ चे वर्गमूळ वापरायची मुभा दिली की लगेच पडते. क्ष² + १ ही राशी वास्तव संख्यांतही पडत नाही. भास्कराचार्यांनी ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ती कुणाचाच वर्ग नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. पुढे काही शतकांनी युरोपातील गणितज्ञांनी तेही दार उघडले. एकच राशी एका जगात अभंग असते आणि दुसऱ्या जगात दुभंगते. नववीत मुले वास्तव संख्या शिकतात, तेव्हा या संख्या कशासाठी वाढवल्या, याचे याहून चांगले कारण त्यांना दाखवता येणार नाही.

‘अमुक राशी पूर्ण वर्ग होते का?’ हा प्रश्न भास्कराचार्यांना किती मोलाचा वाटत होता, हे त्यांच्या चक्रवाल पद्धतीवरून दिसते. एखाद्या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला तर येणारी संख्या पूर्ण वर्ग केव्हा होते, हे त्यांनी काढून दाखवले. असा सर्वांत लहान धन पूर्णांक आहे २२,६१,५३,९८०. पुढे १६५७ मध्ये फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने हाच प्रश्न युरोपातील गणितज्ञांना आव्हान म्हणून घातला. आपल्या विज्जडविड गावाचे वर्णन भास्कराचार्यांनी सह्याद्रीच्या आश्रयाचे गाव असे केले आहे, आणि त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ काढला. त्याचा शके ११२८ चा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे आणि त्यातला काही भाग मराठीत आहे. बीजगणित शिकवण्याची सोय या भाषेत आठशे वर्षांपूर्वी दगडावर नोंदली गेली. अंदाजाच्या आधी पद्धत, हा क्रम आपल्याला परका नाही.

आता एका जोडीकडे पाहावे. क्ष² + ५क्ष + ६ हे उदाहरण प्रत्येकाने सोडवलेले असते: (क्ष + २)(क्ष + ३). शेवटचे चिन्ह उलटे करून क्ष² + ५क्ष − ६ घेतले तरी अवयव पडतात: (क्ष + ६)(क्ष − १). चिन्ह बदलूनही पडणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. वर मोजलेल्या शंभर-शंभर त्रिपदींत अशी जोडी ही एकटीच. पुढे १३ आणि ३० ची जोडी सापडते, १७ आणि ६० ची सापडते. यांत काय सामाईक आहे? ५ हा ३-४-५ या काटकोन त्रिकोणाचा कर्ण, आणि ६ हे त्याचे क्षेत्रफळ. १३ हा ५-१२-१३ चा कर्ण, ३० त्याचे क्षेत्रफळ. १७ हा ८-१५-१७ चा कर्ण, ६० क्षेत्रफळ. मधला सहगुणक कर्ण आणि शेवटचे पद क्षेत्रफळ असेल तर दोन्ही चिन्हांनी अवयव पडतात, आणि त्याखेरीज कधीच पडत नाहीत. कारण विवेचकातच आहे: कर्णाच्या वर्गात क्षेत्रफळाची चौपट मिळवली तर काटकोनाच्या दोन बाजूंच्या बेरजेचा वर्ग येतो, वजा केली तर वजाबाकीचा.

३-४-५ हे माप गवंड्याला शिकवावे लागत नाही. पाया आखताना दोरीवर एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट घ्यायचे आणि तिरके अंतर ५ फूट भरले की कोपरा गुण्यात आला, असे तो म्हणतो. आणि आपला कोलाडचा गुंठाही याच त्रिकोणापाशी येऊन पोचतो. लांबी-रुंदीतला फरक फ असेल, तर विवेचक फ² + ४ × १०८९, म्हणजे फ² + ६६². हा पूर्ण वर्ग हवा, म्हणजे फ आणि ६६ या काटकोनाच्या दोन बाजू असताना कर्ण पूर्ण संख्या हवा. ६६ ही एक बाजू असलेला असा सर्वांत लहान त्रिकोण ६६-८८-११०, म्हणजे ३-४-५ ची २२ पट. म्हणून तर पहिल्यांदा अवयव पडले ते ८८ फुटांना. जमिनीची साखळी, गवंड्याची दोरी आणि बीजगणिताचा कंस इथे एका जागी भेटतात, आणि ही भेट होते ती ‘पडतात का?’ असे विचारले म्हणून. नुसते ‘पाडा’ म्हणून ती कधीच झाली नसती.

बदल मोठा नको आहे. त्यासाठी नवे पुस्तक किंवा नवे यंत्र लागत नाही. आठवीच्या शिक्षकांनी सरावाच्या दर पाच उदाहरणांत न पडणारे एक तरी घालावे आणि ते कोणते हे आधी सांगू नये. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी ‘अवयव पाडा’ ऐवजी ‘अवयव पडतात का ते ठरवा, पडत असल्यास पाडा’ असे लिहावे. आणि गुंठ्याच्या उदाहरणावर एखाद्या मुलीने ‘६६ चा वर्ग ४३५६, ६७ चा वर्ग ४४८९, ४४५६ हा यांच्या मधला आहे, म्हणून तो पूर्ण वर्ग नाही आणि अवयव पडत नाहीत’ एवढेच लिहिले, तर तिला त्या प्रश्नाचे सगळे गुण द्यावेत.